गुळगुळीत गोळा

रत्नागिरीच्या आमच्या घरात रोज भातच. कणीक मळली जायची ती पाहुणा आला की, नाहीतर दिव्यांच्या अवसेला. गूळ घातलेले दिवे उकडायला गेले की उरलेला गोळा माझा. मी त्याची बाहुली करायचे, डोळ्यांच्या जागी दोन मिरे. निजायच्या आत आजी ती मोडून गाईला घालायची. परातीत कणीक उरलीच तर तिच्यावर बोटं उठवून ठेवायची. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, आणि पिंड दिसला की भुकेलं कोणीतरी येतं.

"कोण येतं गं?"

"ज्याला कोणी घालीत नाही तो."

2018 च्या ऑक्टोबरात 'तुंबाड' हा चित्रपट पाहायला गेले ती नावाच्या ओढीने. खेड तालुक्यातलं, जगबुडीकाठचं हे गाव आमच्या घरात श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधून आलेलं. आईने ती कादंबरी दोनदा वाचली होती. पडद्यावर खोत नव्हते. पाऊस होता, पडका वाडा होता आणि नायकाच्या, विनायकच्या हातात कणकेची बाहुली होती! गोष्टीतल्या शापित देवाला, हस्तरला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो पिठाच्या बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्यात माणूस त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून घेतो. मला अंधारात आजीची बोटं दिसली.

तेव्हापासून राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाबद्दल मिळेल ते वाचत आले. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा हा मुलगा. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्याला नारायण धारपांची गोष्ट ऐकवली. ती भीती अंगात मुरली आणि 1997 मध्ये, अठराव्या वर्षी, 'तुंबाड'चा पहिला खर्डा झाला. मग 'मांजा' हा लघुपट, भावा-बहिणीची काळीकुट्ट गोष्ट. डॅनी बॉयलना तो इतका भावला की 'स्लमडॉग मिलिअनेर'च्या ब्ल्यू-रे डिस्कवर त्यांनी त्याला जागा दिली. 'तुंबाड'कडे मात्र निर्माते पाठ फिरवत राहिले. जवळ 700 पानांचा स्टोरीबोर्ड, आणि चित्रपट नाही. 2012 मध्ये चित्रीकरण झालं, मनासारखं उतरलं नाही म्हणून 2015 मध्ये पुन्हा. खऱ्या पावसासाठी चार पावसाळे थांबणाऱ्या माणसाला कोकण कळलं होतं, असं मी मानते. मराठी भयकथेतून उगवलेला हा चित्रपट हिंदीत झाला, याची चुटपुट मात्र जात नाही.

लोक त्यात लोभ पाहतात. मला भूक दिसते. मनीऑर्डरची वाट पाहत बसलेल्या घरांत वाढलेल्या आम्हां मुलांना भूत म्हणजे कोणीतरी उपाशी राहिलेलं, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

2024 च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा लेकीला घेऊन गेले. परत आल्यावर पोळ्या केल्या. थोडी कणीक उरली. बोटं उठवायला हात पुढे गेला, आणि मी तो मागे घेतला. गोळा तसाच, गुळगुळीत, ओट्यावर ठेवून दिवा मालवला.