वाढदिवस अख्ख्या तांड्याचा!

तुमचा वाढदिवस कधी असतो? किती सोप्पा प्रश्न! रात्री बाराला केक, तोंडाला क्रीम, सकाळी एचआरचा मेल. हाच प्रश्न मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर माझ्या मित्राच्या बाबांना विचारला. ते हसायलाच लागले.

‘‘कागदावर १ जून हाय. शाळेत टाकतानी मास्तरानं लिहून देल्ली. खरी कोनाले माहीत!’’

अशी १ जूनवाली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. ‘‘मग काका, तुमचा दिवस कोणता?’’

‘‘आजचा ना बापा!’’

आज म्हणजे १५ फेब्रुवारी. बंजारा समाजाचे सेवाभाया, संत सेवालाल महाराज यांची जयंती. परंपरेनुसार त्यांचा जन्म १७३९ चा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्यांचा हा संत.

इथे मी पोचले कशी? त्याला कारण एक बल्गेरियन! मित्र पुण्यात आयटीत आहे आणि त्याच्या टीममध्ये एक इव्हान आहे. त्यांच्याकडे म्हणे ‘नावाचा दिवस’ असतो. ७ जानेवारी सेंट जॉनचा, म्हणजे तमाम इव्हान आणि इव्हांकांचा. ६ मे सेंट जॉर्जचा, म्हणजे गिओर्गी मंडळींचा. गंमत म्हणजे या दिवसाचं आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याच्या लक्षात असेल त्यानं सरळ दारात हजर व्हायचं.

इव्हाननं व्हिडिओ कॉलवर हे सगळं अगदी ऐटीत सांगितलं. तेव्हा मित्राला जाणवलं, की आपण पाच वर्षं या दिवसाची रजा ‘फॅमिली फंक्शन’ म्हणून टाकतोय! इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं अनेक भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. त्यात बंजारेही आले. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला गेला, पण माणसांच्या नजरेतून जायला वेळ लागतो. ‘‘कुणी विचारू नये म्हणून मीच सांगत नव्हतो,’’ तो म्हणाला. यंदा त्यानं रजेच्या अर्जात चक्क लिहिलं, ‘सेवालाल जयंती’. आणि मला फोन केला, ‘‘चल!’’

तांड्यावर सकाळपासून लगबग. देवळावर पांढरा झेंडा. फेटिया-कांचळीतल्या आजीबाई, शेजारी जीन्समधली नात. मग भोग. निखाऱ्यावर तूप आणि गोड प्रसाद सोडायचा, धूर वर चढू लागला की अरदास म्हणायची. गोरबोलीतलं मला काही कळेना. मित्र कानात सांगत होता, ‘‘स्वतःसाठी काही मागत नाहीत. गुरंढोरं, जीवजंतू, सगळ्यांचं भलं होऊ दे म्हणतात.’’ वाटलं, मेणबत्ती विझवताना आपण काय मागतो बरं?

दुपारी आम्ही पोहरादेवीला गेलो. ‘बंजारा काशी’ म्हणतात ती हीच. इथे जगदंबेचं मंदिर आहे आणि सेवालाल महाराजांची समाधी. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झालं. रामनवमीच्या यात्रेला राज्याबाहेरूनही लोक येतात. काका मात्र संग्रहालयापेक्षा समाधीपाशीच जास्त वेळ रमले. ‘‘माही तारीख मास्तरानं टाकली. ही आमची आम्ही ठेवली,’’ ते म्हणाले.

परतल्यावर मित्रानं डबाभर प्रसाद ऑफिसात नेला. कुणीतरी विचारलंच, ‘‘कुणाचा बर्थडे?’’

‘‘माझ्या बाबांचा,’’ तो म्हणाला. ‘‘आणि अख्ख्या तांड्याचा.’’ मग पॅन्ट्रीत अर्धा तास तो सेवाभायाची गोष्ट सांगत उभा होता.

तुम्हाला जायचंय? वाशीमहून मंगरुळपीर, मानोरा, मग पोहरादेवी. गर्दी बघायची तर रामनवमी, निवांत गप्पा हव्यात तर तांड्यावरची १५ फेब्रुवारी. भेटल्यावर ‘जय सेवालाल’ म्हणा. आमंत्रणाची वाट मात्र बघू नका. ते येत नसतं!