कणकुंबीच्या माथ्यावर

निपाणीत ज्याचे सारे आयुष्य गेले, त्याच्या नाकाला तंबाखूच्या वखारींचा दर्प जाणवत नाही. चार दिवस परगावी राहून तो परत आला, की मात्र गावाच्या वेशीवरच तो वास त्याला गाठतो आणि आपण कोठे राहतो याची आठवण करून देतो. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही असेच चार दिवस बाहेर पडलो. फार दूर नव्हे, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खानापूरला. तेथे आमच्या मंडळींचे मामा राहतात. "येतो येतो म्हणता, आणि पावसाळा संपला तरी पाय काही वळत नाहीत," असा त्यांचा दरसालचा निरोप असे. या वेळी तो मनावर घेतला.

निपाणी सोडली की लगेच तवंदीचा घाट लागतो. घाट चढून वर आले, की मागे वळून पाहावे. मोकळी काळी जमीन, मधूनच उसाचे हिरवे पट्टे आणि पावसाने धुतलेले स्वच्छ आकाश. ही आमची भूमी रमणीय आहे असे कोणी म्हणत नाही. पण घाटमाथ्यावरून ती मला नेहमीच देखणी वाटत आली आहे. पुढे संकेश्वरला हिरण्यकेशी लागली, काकतीच्या अलीकडे मार्कंडेय नदी लागली. आमची कन्या सातवीत आहे. खिडकीशी बसून ती पाण्याची धार कोणत्या बाजूला जाते ते पाहत होती.

"बाबा, समुद्र तर पश्चिमेला गोव्याकडे आहे. मग या सगळ्या नद्या उलट्या पूर्वेला का जातात?"

मी म्हटले, "याचे उत्तर आपण खानापूरला गेल्यावर जागेवर जाऊनच पाहू." खरे सांगायचे तर ती जागा मीही पाहिली नव्हती.

खानापूर हे मलप्रभेच्या काठचे लहानसे तालुक्याचे गाव. कौले आणि मातीची भांडी यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध. बेळगावहून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग गावाला लागूनच जातो. गाडी निघून गेली, की पुन्हा शांतता. मामांच्या परसात फणस, नारळ आणि एक जुनी विहीर. सकाळी उठावे, विहिरीचे पाणी ओढून अंगावर घ्यावे, तांदळाच्या भाकरीबरोबर मामींच्या हातचे सुके सांबारे खावे आणि नदीकडे फिरावयास जावे, एवढाच दिनक्रम. असोग्याला खडकांमधून वाहणारी मलप्रभा पाहत आम्ही एक सबंध दुपार काढली. पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला संभाषणाची गरज भासत नाही, हे तेथे मला कळले. घरात एरवी एक क्षणही गप्प न बसणारी आमची मंडळी तासभर एक अक्षर बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी ओळखीच्या माणसाची जीप सांगितली आणि आम्ही जांबोटीमार्गे कणकुंबीला निघालो. जांबोटी मागे पडली तशी सृष्टी पालटली. भाताची खाचरे आता लहान होऊ लागली आणि दोन्ही बाजूंनी ऐन, किंजळ, जांभूळ यांचे रान रस्त्यावर झुकले. उतारांवर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती. एका वळणावर चालकाने गाडी थांबविली. झाडीतून कोणी तरी स्वतःशीच शीळ घालीत चालले आहे असा आवाज येत होता. तो शीळकरी कस्तुर. पक्षी काही दिसला नाही. पण त्याची ती लांबलचक, मध्येच विसरून पुन्हा आठवल्यासारखी शीळ अजून कानांत आहे. याच रानाच्या दक्षिणेस भीमगडचे अभयारण्य आहे. 2011 साली त्याची घोषणा झाली. तेथील बारापेडे गुहांत वटवाघळांची एक दुर्मीळ जात राहते. ही जात जगात केवळ येथेच आहे, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते.

कणकुंबी हे या जिल्ह्यातील पावसाचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच. घरांच्या भिंती ओलीने काळवंडलेल्या, कौलांवर शेवाळ. माउलीच्या देवळाजवळील कुंडापाशी मलप्रभेचा उगम मानतात. हुबळीकडे एवढा विस्तार पावणारी नदी येथे एखाद्या पाटाएवढी. तेथून ती पूर्वेकडे निघते, सुमारे तीनशे किलोमीटर चालते, सौंदत्तीजवळ धरणात विसावते आणि अखेर कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. कृष्णा ते पाणी बंगालच्या उपसागरास नेते.

परंतु गावाच्या दुसऱ्या अंगाला गेले, की वेगळाच प्रकार दिसतो. तेथे कळसा नावाचा ओढा आहे. त्याचे पाणी पश्चिमेकडे वळते आणि म्हादईला मिळते. तीच म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रास भेटते. आकाशमार्गे तो समुद्र येथून पन्नास-साठ किलोमीटरच असावा. म्हणजे याच माथ्यावर पडलेले पावसाचे दोन थेंब, एक इकडे ढळला तर दोन दिवसांच्या वाटेवर समुद्र, आणि तिकडे ढळला तर साऱ्या दख्खनचा प्रवास! दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते आहे आणि सह्याद्री ही त्याची पश्चिमेकडील उंच कड आहे. हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात घोकले होते. कन्येला ते आता पायांखाली दिसले. ती कितीतरी वेळ या बाजूहून त्या बाजूला चालत होती.

येथवर केवळ सृष्टिसौंदर्याचीच गोष्ट होती. परंतु परत फिरताना रस्त्याच्या कडेला खोदलेला एक मोठा कालवा दिसला. पश्चिमेकडे जाणारे हे पाणी वळवून मलप्रभेत सोडावे, यासाठी 2006 साली येथे काम सुरू झाले. गोव्याने हरकत घेतली. 2010 साली लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट 2018 मध्ये त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 अब्ज घनफूट पाणी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी 3.9 अब्ज घनफूट मलप्रभेकडे वळविण्यास अनुमती मिळाली. निवाड्याने कोणाचेच समाधान झाले नाही. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

वर्तमानपत्रात हे वाचताना मी पान उलटीत असे. तेथे उभा असताना मात्र ते जमले नाही, कारण या वादाच्या दोन्ही काठांवर माझेच रक्त आहे. थोरली आक्का हुबळीला दिलेली. तिच्या नळाला जे पाणी येते त्यात मलप्रभेचा मोठा वाटा आहे, आणि नळ येण्याच्या दिवसाची वाट पाहत घागरी मांडून ठेवण्यात तिचा निम्मा संसार गेला. 2015 साली नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी याच पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा तिचे यजमानही एक दिवस त्यांच्यात जाऊन बसले होते. धाकटी बहीण सत्तरीत, वाळपईला. तिची बागायत म्हादईच्या खोऱ्यात. सुपारी, नारळ आणि उन्हाळ्यात आटत जाणारा एक ओहोळ. वरून पाणी वळविले तर खाली खारे पाणी नदीत आत शिरेल, रान सुकेल, अशी तिकडच्या लोकांना भीती. गेल्या नाताळात दोघी आमच्या घरी जमल्या होत्या. जेवताना हा विषय निघाला आणि एकीने ताट अर्धे टाकून उठावे एवढी वेळ आली. मी नुसता "पुरे आता" म्हणत बसलो.

चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना मी विचारले, "आजोबा, तुमचे काय मत?"

ते हसले. "पाऊस आमच्या डोक्यावर पडतो, पाहुणे. भांडण खाली जाऊन होते. एप्रिलात या एकदा, आमच्या बायका किती लांबून पाणी आणतात ते बघायला."

एवढ्या पावसाच्या गावी उन्हाळ्यात पाण्याची ओढ! मामांनी मान हलविली; त्यांना हे ठाऊक होते. पाऊस धो धो कोसळतो आणि तेवढ्याच वेगाने दोन्हीकडे उतरून जातो. तो धरून ठेवते ती झाडी आणि झाडीखालची माती. या माथ्यावरचे रान उभे राहिले, तरच खाली वाटून घेण्याजोगे काही उरेल, असे मला तेव्हा वाटले. लवादाच्या आकड्यांत माझी बुद्धी चालत नाही; पण एवढे डोळ्यांना दिसत होते.

संध्याकाळी खानापुरात परतलो. पडवीत बसून मी प्रथम आक्काला फोन लावला, मग धाकटीला. कणकुंबीला जाऊन आलो म्हणताच आक्काने विचारले, "अण्णा, नदीला पाणी कसे आहे रे?" धाकटीनेही तेच विचारले. दोघींनाही मी सांगितले, "चांगले आहे."

पलीकडे विहिरीपाशी कन्या राहाट फिरवीत होती. तिला मामींनी दोनच घागरी भरावयास सांगितल्या होत्या.