जुन्या गाडीचें नवें तोंड

बैलाचें वय दांतांवरून पाहतात, मोटारीचें दिव्यांवरून. यंत्र कसें चालतें, चाकांत कांहीं आवाज येतो कीं काय, हें कळण्यास जाणता मनुष्य लागतो, पण दिव्यांचा आकार शाळेंत जाणारा मुलगाहि ओळखतो आणि लांबूनच सांगतो, "ही जुनी, हिच्या पुढची निघाली आहे." कारखानदारांस हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून एखादा नमुना बाजारांत येऊन तीन-चार वर्षें झालीं कीं ते त्याला नवें तोंड देतात. सांगाडा तोच, दारें तींच; दिवे, जाळी आणि बंपर तेवढे निराळे. तेवढ्यानें कालची नवी गाडी आज जुनी होते. मग त्या जुन्या गाडीच्या धन्यास वाटूं लागतें कीं, कारखानदारानें जें केलें तें आपणहि कां करूं नये? ही हौस कितपत योग्य, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांस आमच्या धाराशिव जिल्ह्यांतच आला. त्यांत पैशाहून मोठी गोष्ट गुंतलेली असल्यामुळें ती हकीकत वाचकांपुढें मांडावीशी वाटते.

इ. स. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, कांहीं मंडळींनीं एकत्र येऊन सुमारें दीडशें मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, हें पुष्कळांस आठवत असेल. दुष्काळ व मराठवाडा हे शब्द जोडीनेंच वाचण्याची संवय असलेल्या पुण्यामुंबईच्या लोकांस तेव्हां मोठा अचंबा वाटला होता. त्याच सुमारास आमच्या एका स्नेह्यांनीं याच कारखान्याची 'ई' वर्गाची गाडी घेतली. त्यांचें आडतीचें दुकान. घरांत आणि बाजारांत सर्व त्यांस नाना म्हणत. गाडी आली त्या दिवशीं तिला प्रथम तुळजापुरास नेलें, चाकांखालीं लिंबें ठेवलीं, नारळ फोडला आणि मगच ती घरीं आणली. नाना आज हयात नाहींत. गाडी आहे, आणि ती उत्तम चालते.

नानांच्या चिरंजीवांनीं एके दिवशीं आम्हांस सांगितलें, "काका, गाडीचें तोंड बदलून घ्यावें म्हणतों." आम्ही हंसणार होतों, पण त्यांचें पुढचें बोलणें ऐकून गप्प राहिलों. आडतीचा धंदा विश्वासावर चालतो. शेतकरी आपलें सोयाबीन किंवा तूर ज्याच्या ओट्यावर उतरवितो, त्याच्याकडून पैसे मिळतील याची खात्री तो कागदावरून करीत नाहीं. माणसावरून करतो, आणि माणूस गेल्यावर त्याच्या घरादारावरून करतो. नाना गेल्यापासून लग्नकार्यांत कोणी ना कोणी गाडीकडे पाहून विचारी, "अजून हीच का?" हा प्रश्न गाडीविषयीं नसतो. नवी घेण्याइतकी बरकत अद्याप नव्हती, आणि ही विकून लहान गाडी घ्यावी तर बाजारांत वाटेल तो अर्थ काढला जाईल. तेव्हां आहे तीच ठेवावी, पण ती पांच वर्षांनीं तरुण दिसावी, असा त्यांचा हिशेब होता. त्यांत पोकळ दिमाखापेक्षां काळजी अधिक होती.

वहिनींचें म्हणणें निराळें होतें. नाना रोज सकाळीं गाडींत बसण्यापूर्वीं बॉनेटवर उभ्या असलेल्या त्या तीन टोकांच्या चांदणीवरून उपरण्याचें टोंक फिरवीत. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "अरे, दिवे बदल, काय वाटेल तें कर, पण दारांत गाडी आली कीं ती यांची आहे, असें मला वाटलें पाहिजे."

आतां या गाडीच्या तोंडाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १९९५ सालीं निघालेल्या नमुन्यापासून 'ई' वर्गाच्या गाडीस पुढें चार सुटे दिवे असत. चार डोळ्यांची गाडी म्हणून ती लांबून ओळखूं येई. नानांची गाडी याच वळणाची. २०१३ सालीं कारखान्यानें दोन्ही बाजूंचे जोडदिवे एकेका कांचेखालीं आणले आणि त्या चार डोळ्यांची आठवण कांचेच्या आंतील प्रकाशरेषांत तेवढी ठेवली. मागच्या बाजूसहि एक फरक केला. जुन्या गाडीच्या मागील चाकांवरच्या पत्र्यास एक ठसठशीत फुगवटा होता. १९५३ सालच्या मर्सिडीजची ती मुद्दाम ठेवलेली खूण होती. नव्या रूपांत ती घालवून टाकली. म्हणजे पूर्वजांची आठवण ठेवणें आणि ती पुसणें हीं दोन्ही कामें कारखान्यानेंच एकाच गाडीवर चार वर्षांच्या आंत केलीं. मग आडत्याच्या मुलास कोणत्या तोंडानें नांवें ठेवावींत?

शिवाय ही हौस आजकालची नाहीं. मोटारींच्या पहिल्या काळांत उंची गाडीचा कारखानदार केवळ सांगाडा व यंत्र बनवी. वरची पेटी दुसरा कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणें बांधी. रोल्स-रॉइसची रीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत हीच होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं जी पिवळी रोल्स-रॉइस मागविली तिची पेटी लंडनच्या बार्कर कंपनीनें बांधली आणि आंत सिंहासनासारखें उंच आसन बसविलें. ते १९११ सालीं वारले. गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दींत येऊन पोंचली. याच निजामांच्या नांवावरून आमच्या गांवास उस्मानाबाद म्हणत. त्या काळचे श्रीमंत लोक जुन्या सांगाड्यावर नव्या वळणाची पेटी सर्रास चढवून घेत आणि त्यांत कोणास लपवाछपवी वाटत नसे. आज पेटी आणि सांगाडा जोडकाम करून एकजीव केलेले असतात. म्हणून पुढचें तोंड बदलतां येतें, पण पाठीचा पत्रा कापल्याखेरीज बदलत नाहीं. ज्यास पाहतां येतें तो मागच्या फुगवट्यावरून गाडीचें खरें साल सांगूं शकतो.

कायद्याचाहि विचार करणें भाग होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. आणि २०१९ च्या आरंभीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊं शकत नाहीं. रंग बदलला तर त्याचीहि नोंद करावी लागते. म्हणून यंत्र, सांगाडा, चाकें व रंग यांस हात लावावयाचा नाहीं, आणि जो भाग बसवावयाचा तो त्याच कारखान्यानें त्याच नमुन्याच्या पुढील गाडीसाठीं काढलेला असावा, असें ठरलें; आणि तेवढा बदलहि आधीं परिवहन कचेरींत विचारून मगच करावा, असा आम्हीं सल्ला दिला.

असले भाग मिळण्याचीं ठिकाणें ठरलेलीं आहेत. मोडींत निघालेल्या गाड्यांचे अवयव मुंबईंत कुर्ल्यास व दिल्लींत मायापुरीस मिळतात. हुबेहूब नकला तैवानांतून येतात. नकली भाग स्वस्त असतो; पण पत्रा जागेवर नीट बसत नाहीं, आणि बॉनेट व मडगार्ड यांमधली फट एका बाजूस रुपया जाईल एवढी, तर दुसऱ्या बाजूस नखहि जाणार नाहीं एवढी राहते. दिव्यांची गोष्ट तर जिवाशीं गांठ आहे. नव्या दिव्यांची तारांची जुळणी निराळी असते; आणि प्रकाशाचा झोत नीट न लावला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आमच्या रस्त्यांवर गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि कित्येकांच्या मागें लाल दिवा नसतो. तेथें गाडी तरुण दिसावी म्हणून वांकडा झोत टाकीत जाणें हा शौक नव्हे; तो दुसऱ्याच्या प्राणांशीं खेळ आहे.

काम पुण्याच्या एका मिस्त्र्याकडे झालें आणि त्यास सांगितल्याच्या दुप्पट दिवस लागले. बॉनेट, मडगार्डें, जाळी, बंपर व दिवे बदलले, तों दारें फिकट दिसूं लागलीं. त्यांस त्याच चंदेरी रंगाचा नवा हात दिला, तों मागचे दिवे जुनाट वाटूं लागले. एक वस्तु नवी केली कीं शेजारची आपोआप जुनी होते, हा अनुभव घरास रंग देणाऱ्या प्रत्येकास आहे. चिरंजीवांनीं मागच्या दिव्यांपाशीं हात आंखडला, हें आम्हांस विशेष आवडलें.

वहिनींच्या चांदणीचें काय झालें, असें वाचक विचारतील. २०१३ च्या नव्या रूपांत कारखान्यानें दोन प्रकारचीं तोंडें काढलीं होतीं. एकांत चांदणी मोठी होऊन जाळीच्या मध्यभागीं गेली. तरुणांस तें आवडतें आणि चिरंजीवांचाहि डोळा त्याच्यावरच होता. दुसऱ्यांत जाळी आडव्या पट्ट्यांची असून चांदणी पूर्वीसारखी बॉनेटवर उभी असते. त्यांनीं चार दिवस विचार केला आणि दुसरें तोंड घेतलें. वहिनींनीं गाडी पाहिली, चांदणीवर हात ठेवला आणि विचारलें, "तुळजापुरास न्यायची का? नवी तर नाहीं ही." मग स्वतःच म्हणाल्या, "जुन्यालाहि आशीर्वाद लागतोच," आणि पदर सांवरून आंत जाऊन बसल्या.

या जिल्ह्यास असले फेरफार नवे नाहींत. तेर येथें त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ आहे. त्याची पाठ अर्धवर्तुळाकार असून तें मुळांत बौद्धांचें चैत्यगृह असावें असें अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या पुढचा सपाट छपराचा मंडप मागाहून जोडलेला आहे. हें नवें तोंड मिळालें म्हणून त्या वास्तूंत पूजा चालूं राहिली, आणि पूजा चालूं राहिली म्हणून विटा टिकल्या, असें आम्हांस वाटतें. मंडप बांधणाऱ्यानें मागची पाठ मोडली नाहीं. म्हणून आज आपणांस मूळ रूप वाचतां येतें. खुद्द जिल्ह्याचें नांवहि २०२३ सालीं बदलून धाराशिव झालें. येथें नवी म्हणून जी पाटी लागली तीच जुनी होती, आणि मोटारींच्या नंबरांतील २५ हा आंकडा मात्र दोन्ही पाट्यांखालीं तोच राहिला.

तेव्हां या प्रश्नाचा आमच्यापुरता निकाल असा: जो बदल परत फिरवितां येतो, ज्यानें कोणाच्या जिवास धोका होत नाहीं, आणि जो विचारणाऱ्यास मोकळेपणीं सांगतां येतो, तो खुशाल करावा. जो गिऱ्हाइकापासून लपवावा लागतो, तो करूं नये. चिरंजीव लग्नांत कोणी गाडीची तारीफ केली तर सरळ सांगतात, "नानांचीच आहे, पुढचें तेवढें बदललें." ऐकणाऱ्यांस यांत कमीपणा वाटत नाहीं, बापाची वस्तु जपणारा मुलगा आपला मालहि जपेल, असेंच त्यांस वाटत असावें. जुनें बॉनेट आणि ते चार दिवे त्यांनीं मोडींत घातले नाहींत. गोणपाटांत गुंडाळून ते वाड्याच्या बळदांत ठेवले आहेत. उद्यां नातवास आजोबांची गाडी होती तशी पाहावीशी वाटली, तर त्यास पान्ह्यांखेरीज कांहीं लागणार नाहीं.