पुन्हा पहिला धडा

२०२४ सालच्या मे महिन्यात आम्ही काश्मीरला गेलो होतो. भिवंडीच्या उकाड्यातून गेलेल्या आम्हांला गुलमर्गची थंड हवा फार सुखद वाटली. समोर हिरवेगार कुरण पसरले होते. अफरवट पर्वताच्या माथ्यावर अजून थोडा बर्फ दिसत होता.

कुरणाच्या कडेला पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने उतारावर काठ्या रोवल्या होत्या. गुडघे वाकवून तो त्यांच्यामधून नागमोडी धावत होता. मध्येच त्याचा तोल जाई. जवळ उभी असलेली लहान मुले हसत. तो मात्र पुन्हा वर चढे आणि पुन्हा धावू लागे.

मी त्याच्याशी उर्दूत बोलू लागलो. मी शिक्षक आहे हे कळताच तो मोकळा झाला. त्याचे वडील घोडेवाले होते आणि तो स्कीच्या शर्यतीत भाग घेणारा खेळाडू होता. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून वेगाने घसरत उतरायचे, असा हा खेळ.

"पण बेटा, बर्फ तर वर आहे. इथे गवतावर काय करतोस?" मी विचारले.

"सर, मी पुन्हा उभे राहायला शिकतोय," तो हसून म्हणाला.

मग त्याने सारी हकीकत सांगितली. वर्षभरात त्याची उंची चार इंचांनी वाढली होती. बूट घट्ट झाले. हातातल्या काठ्या आखूड पडू लागल्या. पूर्वी ज्या वळणावर तो सहज वळत असे, तिथेच आता पडू लागला. शरीर भराभर वाढले, की तोल सांभाळण्याची जुनी सवय उपयोगी पडत नाही. नव्या हातापायांचा अंदाज यायला वेळ लागतो. त्यातच त्या जानेवारीत गुलमर्गला बरेच दिवस बर्फ नव्हता. सराव कमी झाला. या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागावरूनही हारजीत ठरते. तो शेवटचा आला.

"सगळे म्हणाले, हा आळशी झाला. अब्बाही रागावले. मी खेळ सोडणार होतो. तेव्हा आमचे उस्ताद म्हणाले, 'तू बिघडला नाहीस, तू वाढला आहेस. पहिल्या धड्यापासून सुरुवात कर.'"

'आळशी' हा शब्द ऐकून मी चपापलो. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मीही तो शब्द ऐकवला होता.

मुलगा पुढे सांगत होता. युरोपात काही हिमनद्यांवर उन्हाळ्यातही सराव करता येतो, पण तिकडे जाणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून तो रोज एका पायावर उभा राही, दोरीवरून डावीउजवीकडे उड्या मारी. कधी कधी अफरवटवर जाई आणि उरलेल्या बर्फावर, स्कीची पुढची टोके जवळ व मागची लांब ठेवून, अगदी सावकाश उतरे. नवशिक्या बालकांना असेच शिकवतात.

"लाज नाही वाटत?" मी विचारले.

"पहिले आठ दिवस वाटली," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात आरिफ खान यांचे नाव सारखे येत होते. जवळच्याच टंगमर्ग भागातले आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते. जायंट स्लालम शर्यतीत ते ४५ वे आले. "तेही कधीतरी पहिला धडा शिकलेच असतील ना!" एवढे बोलून तो पुन्हा चढ चढू लागला.

जूनमध्ये शाळा उघडली. मी माझ्या त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलावले. पूर्वी तो वर्गात सर्वांत सुंदर मराठी वाचत असे. नववीत त्याचा आवाज फुटला. मुले हसली आणि त्याने वाचणेच सोडले. मी मात्र त्याला आळशी ठरवले होते.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "चल, आपण दोघे सहावीच्या पुस्तकापासून वाचू."

पहिल्या दिवशी त्याने चारच ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीवर आवाज फाटला. तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुढची ओळ वाचू लागला.