पहिला फलंदाज

अ‍ॅरिझोना राज्यातील मेसा या गावी शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे स्लोन पार्क नावाचे क्रीडांगण आहे. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या या क्रीडांगणात पंधरा हजार माणसे मावतात. त्यांतील बरीचशी खुर्च्यांवर नव्हे, तर मैदानाच्या कडेच्या हिरवळीच्या उतारावर चादरी अंथरून बसतात. फेब्रुवारीच्या मध्यास पिचर आणि कॅचर येऊन दाखल होतात, त्यांच्या पाठोपाठ उरलेले खेळाडू. आणि मार्च सरेपर्यंत येथे जे सामने होतात त्यांच्या जयापजयाला कसलीही किंमत नसते. कोण जिंकले हे संध्याकाळी कोणाला आठवत नाही. वस्तुतः अशा सामन्यांकडे कोणी फिरकू नये. परंतु हजारो मैल दूर, बर्फात गारठलेल्या शिकागोतून माणसे विमाने करून येतात, कारण निकालाची चिंता नसल्यामुळे येथे दुसऱ्याच एका गोष्टीला मोकळीक मिळते. कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे आणि कोणाला कोठे खेळवावे, याविषयी मनसोक्त भांडता येते.

या प्रशिक्षणकाळाच्या दोन मांडवांची नावेही मोठी गमतीची आहेत. फ्लॉरिडातील पंधरा संघांच्या सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात आणि अ‍ॅरिझोनातील पंधरांच्या सामन्यांना कॅक्टस लीग. एका बाजूस पपनसाच्या जातीचे आंबटगोड फळ, दुसऱ्या बाजूस निवडुंग. कब्ज या निवडुंगाच्या बाजूचे. त्याआधी, १९२१ पासून पुढची कित्येक वर्षे, ते कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर सराव करीत, कारण संघाचे मालक रिग्ली यांच्याकडेच त्या बेटाची मालकी होती. १९३७ मध्ये त्या सरावाचे वृत्त द्यायला आयोवातील एका नभोवाणी केंद्राचा तरुण निवेदक आला आणि त्याच फेरीत त्याने चित्रपटासाठी चाचणी दिली. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. वसंतातील निवड कोणाला कोठे नेईल याचा नेम नसतो, हे सांगताना कब्जचे जुने चाहते ही कथा हटकून सांगतात.

उतारावर दरवर्षी ठरावीक जागी दोन भाऊ येऊन बसत. शिकागोच्या वायव्येकडील पोलिश वस्तीत वाढलेले हे दोघे. थोरल्याने चौतीस वर्षे घरोघर पत्रे वाटली होती. धाकटा एका बँकेत हिशेबनीस होता. थोरला जन्मला १९४५ च्या ऑक्टोबरात, कब्ज विश्वमालिकेची अंतिम लढत हरले त्याच महिन्यात. त्यानंतर सत्तर वर्षे हा संघ त्या लढतीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि जिंकला होता तो तर पार १९०८ मध्ये. दोघांचे वडील १९१० साली जन्मले आणि २००१ मध्ये वारले. एक्याण्णव वर्षांच्या आयुष्यात त्यांना आपला संघ जिंकलेला पाहायला मिळाला नाही. मुलांसाठी ते मागे ठेवून गेले ते एक लहानसे घर, आणि पेन्सिलीने धावांची नोंद ठेवण्याची सवय.

भावांचा वाद बहुतेककरून एकाच जागेवर येऊन थांबे: पहिला फलंदाज कोण. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला या प्रश्नाचे गांभीर्य सांगावे लागेल. क्रिकेटमध्ये सलामीवीर बाद झाला की त्याचे त्या डावातील काम संपले. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे, पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यामुळे जो पहिला त्याच्या वाट्याला सर्वांत अधिक संधी येतात. हंगामात १६२ सामने असल्याने एकेक जागा खाली उतरताना पंधरा-वीस संधी हातच्या जातात. जुन्या परंपरेनुसार पहिला फलंदाज चपळ असावा, हलका असावा, त्याने कसेही करून बेस गाठावा आणि नंतर चोरपावलांनी पुढे सरकावे. धिप्पाड, होमरन मारणारा गडी चौथ्या जागी, म्हणजे पुढचे तिघे बेसवर साचले की त्याने सर्वांना एका फटक्यात घरी आणावे. पुढे आकडेशास्त्र जाणणारे आले आणि म्हणाले, पळण्याचे कौतुक पुरे. बाद न होता बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ज्याचे अधिक, तो पहिला, मग तो कासवासारखा का पळेना. थोरला जुन्या मताचा, धाकटा नव्या. हा मतभेद बुद्धीचा होता असे वरकरणी दिसे. वास्तविक त्यात स्वभावाचाही भाग होता. ज्याने आयुष्य पायी चालण्यात घालवले त्याला पाय महत्त्वाचे वाटत, आणि ज्याने खतावण्या जुळवल्या त्याला प्रमाण.

२०१६ च्या वसंतात हा वाद निकालात निघाल्यासारखा झाला होता. डेक्स्टर फाउलर हा संघाचा आदल्या वर्षीचा पहिला फलंदाज बॉल्टिमोरकडे जाणार, अशी बातमी पक्की मानली जात होती. आणि २५ फेब्रुवारीला हा गृहस्थ चक्क मेसाच्या मैदानावर चालत आला. त्याच्याशी नवा करार झाल्याचे सहकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मॅनेजर जो मॅडन त्याला म्हणत असे, 'तू चाललास की आम्ही चालतो.' फाउलर चालला आणि संघही चालला. त्याच एप्रिलच्या प्रारंभी फिनिक्स येथे एक उंच चेंडू झेलायला धावताना फाउलर आणि काइल श्वार्बर यांची टक्कर झाली. श्वार्बर हा जाड बांध्याचा, मूळचा कॅचर असलेला जवान. त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले आणि त्याचे वर्ष संपले, असे सर्वांनी गृहीत धरले. ऑक्टोबरात तो पुन्हा मेसास आला, शरद ऋतूतील उमेदवारांच्या स्पर्धेत दोन सामने खेळला आणि थेट विश्वमालिकेत उतरला. क्षेत्ररक्षणाची परवानगी वैद्यांनी दिली नाही, फक्त फलंदाजी. २ नोव्हेंबरच्या रात्री क्लीव्हलंडला सातव्या सामन्यात फाउलरने पहिल्याच खेळीत होमरन मारला. नऊ डाव संपून बरोबरी झाल्यावर पाऊस आला, सतरा मिनिटे खेळ थांबला, आणि दहाव्या डावाचा आरंभ श्वार्बरने बेस गाठून केला. कब्ज ८-७ असे जिंकले.

त्या दिवसांत शिकागोतील रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर लोकांनी खडूने नावे लिहिली होती. ती खेळाडूंची फार थोडी, मृतांची अधिक. हा दिवस न पाहताच गेलेल्या आजोबांची, आयांची, मावश्यांची. भिंत हात पोहोचेल तेथवर भरून गेली. या दोघा भावांनीही वडिलांचे नाव लिहिले. धाकट्याने लिहिले आणि थोरल्याने त्याखाली १९१० ते २००१ असे आकडे घातले. पाऊस आला तेव्हा ते पुसले गेले असणार. पाहायला पुन्हा कोणी गेले नाही.

असे सारे झाल्यावर २०१७ च्या मार्चमध्ये या दोघांना मेसास येण्याचे कारण काय उरले होते? ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते घडून गेले होते. थोरला घरी तसे बोललाही होता. परंतु डिसेंबरात फाउलर प्रतिस्पर्धी सेंट लुइसकडे निघून गेला, आणि मॅडनने त्याच्या जागी पहिला फलंदाज म्हणून श्वार्बरला नेमण्याचे ठरवले. हे वृत्त वाचताच थोरल्याने विमानाचे तिकीट काढले.

त्या वर्षी उतारावर दुसरा विषय नव्हता. 'हत्तीला शर्यतीत पुढे उभा करतात का?' थोरला विचारी. धाकटा म्हणे, 'तो धीराने चेंडू सोडतो, चार वाईट चेंडूंवर फुकट बेस मिळवतो आणि मारलाच तर कुंपणापार मारतो. आणखी काय हवे तुला?' शेजारच्या चादरीवरचे अनोळखी लोकही भांडणात उतरत. कोणी म्हणे जेसन हेवर्ड, कोणी बेन झोब्रिस्ट. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ज्याने भारतीय संघ निवडताना ऐकले असेल त्याला या संभाषणात परके वाटण्यासारखे काही नव्हते. तीच खात्री, तोच आवेश, आणि निवडीचा अधिकार कोणालाच नसणे तेही तसेच.

मात्र या रंजक वादाच्या खाली एक कमी रंजक गोष्ट चालू असते. प्रशिक्षणाला साठ-सत्तर खेळाडू येतात. अंतिम संघात त्या काळी पंचवीस आणि २०२० पासून सव्वीस जागा. ज्यांच्या पाठीवर सत्तर-ऐंशीच्या घरातले क्रमांक असतात ते शेवटच्या दोन-तीन डावांत खेळायला येतात, तेव्हा प्रेक्षक घरी निघालेले असतात. त्यांना गावोगावच्या दुय्यम संघांत परत पाठवतात. तिकडील खेळाडूंना या प्रशिक्षणाच्या आठवड्यांचे वेतनच मिळत नसे, आणि हे वर्षानुवर्षे चालले. न्यायालयातील दीर्घ लढ्यानंतर आणि २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाल्यावर ते बदलले. उत्तर प्रदेशातून आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग संघाने करारबद्ध केले, तेही याच खालच्या पायरीवरून वर पाहणाऱ्यांपैकी होते. ते वर पोहोचले नाहीत. पोहोचत नाहीत तेच बहुसंख्य असतात. थोरला भाऊ शेवटचा डाव संपेपर्यंत कधी उठत नसे आणि या ऐंशी क्रमांकवाल्यांची नावेही वहीत पूर्ण लिहीत असे, आद्याक्षरे नव्हेत.

आणि वरच्यांचे तरी सर्व काही गुणांवर ठरते असे कोठे आहे? २०१५ च्या वसंतात क्रिस ब्रायंट या तरुणाने सराव सामन्यांत सर्वांहून अधिक, नऊ होमरन मारले. तरीही हंगामाच्या आरंभी त्याला आयोवातील दुय्यम संघात धाडण्यात आले. बचावात सुधारणा हवी, असे कारण देण्यात आले. नियम असा की मुख्य संघात १७२ दिवस भरले तर एक वर्ष सेवा धरली जाते, आणि अशी सहा वर्षे झाली की खेळाडू स्वतंत्र होतो. १७ एप्रिलला ब्रायंटला बोलावण्यात आले. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच, पुढील वर्षी साखळीतील सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. नियमात बसत होते, म्हणून.

या प्रश्नावर दोघा भावांचे जे भांडण झाले ते खेळाचे नव्हते. धाकटा म्हणाला, एका दिवसाच्या मोबदल्यात अख्खे वर्ष मिळत असेल तर कोणताही हिशेबनीस हेच करील. थोरला टपाल कामगारांच्या संघटनेतला जुना माणूस. तो म्हणाला, 'माझ्या निवृत्तिवेतनातला एक दिवस असा कोणी खाल्ला असता तर तू हेच म्हणाला असतास?' धाकट्याने उत्तर दिले नाही. त्या दिवशी दोघे परतताना मोटारीत बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी धाकट्याने नव्या पेन्सिली आणून वहीजवळ ठेवल्या, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. हिशेब म्हणून धाकट्याचे बरोबर होते. तेवढे बरोबर असणे पुरेसे नव्हते, हे त्यालाही कळले असावे.

श्वार्बरच्या वादाचा निकाल जूनमध्ये लागला. सरासरी .१७१ वर घसरल्यावर २२ तारखेला त्याला आयोवास पाठवण्यात आले. त्याआधीच मॅडनने पहिल्या जागी अँथनी रिझो या पहिल्या बेसवरच्या धिप्पाड गड्याला पाठवून पाहिले होते, आणि त्याने लागोपाठ दोन रात्री डावाच्या आरंभीच होमरन मारला होता. म्हणजे श्वार्बर चुकला, पण हत्तीला पुढे उभे करण्याची कल्पना चुकली असेही म्हणता येईना. थोरल्याने फक्त पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला आणि पुढील चार मार्च महिने तो पुरवून वापरला.

२०२० च्या डिसेंबरात कब्जने श्वार्बरला सोडून दिले. २०२२ मध्ये नॅशनल लीगनेही फलंदाजीपुरता वेगळा खेळाडू ठेवण्याचा नियम स्वीकारला. ज्याला पळता येत नाही त्याला क्षेत्ररक्षणाची सक्ती उरली नाही. त्याच वर्षी फिलाडेल्फियाकडून, बहुतांश पहिल्या जागी खेळत, श्वार्बरने ४६ होमरन मारले, साखळीत सर्वाधिक. पुढील वर्षी ४७, आणि सरासरी .१९७. एवढी क्षीण सरासरी आणि एवढे होमरन एकत्र पाहून जुन्या आणि नव्या मताच्या दोघांनीही काय म्हणावे?

२०२३ च्या मार्चमध्ये थोरला मेसास आला नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. धाकटा एकटाच उतारावर बसला, मांडीवर भावाची वही. सामना सुरू होण्याआधी त्याने दूरध्वनी केला आणि श्वार्बरचे आदल्या वर्षीचे आकडे वाचून दाखवले.

'ते फिलाडेल्फियात,' थोरला म्हणाला. 'आपल्याकडे नव्हे.'

'माणूस तोच ना?'

'माणूस तोच, पण संघ दुसरा.' मग थोडे थांबून त्याने विचारले, 'आज पहिला कोण आहे?'

धाकट्याने फलकाकडे पाहिले. 'निको हॉर्नर.'

'पळतो ना तो?'

'पळतो. पण फुकट बेस घेत नाही. माझ्या मते इयन हॅप हवा होता.'

'मूर्ख आहेस,' थोरला म्हणाला. 'नाव पूर्ण लिही. आणि शेवटच्या डावापर्यंत बस.'