सुटे भाग आणि अचौर्यव्रत

मुंबईच्या काळबादेवी परिसरातील लोहार चाळ ही विजेच्या सामानाची जुनी घाऊक पेठ. तेथून पश्चिमेला, अरबी समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. 1974 साली ‘सागर सम्राट’ने तेथे तेलाचा शोध लावला आणि मे 1976 मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. भर समुद्रातील त्या पोलादी मंचावर माणसे राहतात, यंत्रे अहोरात्र चालतात. मात्र कोपऱ्यावर दुकान नाही. लागणारी प्रत्येक वस्तू उरणजवळच्या न्हावा तळावरून जहाजाने न्यावी लागते, अगदीच निकड असेल तर जुहूहून हेलिकॉप्टरने. पावसाळ्यात समुद्र खवळला की दोन्ही मार्ग बेभरवशाचे होतात.

मोठ्या यंत्रसामग्रीची खरेदी वर्षभर आधी ठरते. तिच्यासाठी निविदा, बैठका, तपासण्या होतात. काम अडते ते बहुधा खिशात मावेल अशा वस्तूवाचून. एखाद्या पंपाचा रिले, कॉन्टॅक्टरची कॉइल, एक फ्यूज किंवा केबल जेथून पेटीत शिरते तेथील पितळी ग्लँड. किंमत काही शेकडा रुपये. ती नसेल तर पंप बंद. म्हणून अशा वस्तूंचा व्यापार हा किमतीवर जोखता येत नाही.

तेलक्षेत्रातील विजेच्या सामानाची एक खास अट असते. हवेत ज्वालाग्राही वायू असू शकतो, म्हणून तेथे ‘फ्लेमप्रूफ’ पेट्या वापरतात. अशा पेटीत वायू शिरतच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. वायू आत शिरू शकतो, ठिणगीने पेटूही शकतो. पेटी तो स्फोट सोसते आणि जोडांमधील अरुंद फटीतून बाहेर पडणारा तप्त वायू इतका निवतो की बाहेरचे वातावरण पेट घेत नाही. ही सारी भिस्त मोजमापावर आहे. ग्लँडचे किमान पाच आटे पेटीत पूर्ण बसले पाहिजेत. 20 मिलिमीटरची मेट्रिक ग्लँड अर्ध्या इंचाच्या एनपीटी छिद्राजवळ धरली तर डोळ्यांना जुळल्यासारखी वाटते, पण आटे वेगळे असतात. न वापरलेले छिद्रसुद्धा प्रमाणित बुचानेच बंद करावे लागते. म्हणून मागणीपत्रात वायूचा गट, तापमानाचा वर्ग, आट्यांचा प्रकार हे सारे लिहिलेले असते. ‘त्यासारखेच दुसरे’ या शब्दांना तेथे जागा नाही.

फ्यूजची गोष्टही अशीच. उच्च क्षमतेच्या एचआरसी फ्यूजमध्ये धातूच्या पट्टीभोवती क्वार्ट्झची वाळू ठासून भरलेली असते. शॉर्ट सर्किट झाले की पट्टी वितळते आणि तेथे उठणाऱ्या ठिणगीची उष्णता ती वाळू शोषून घेते. 80 किलोअँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडण्याची क्षमता तिच्यातून येते. नकली फ्यूजमध्ये पट्टी निकृष्ट असते, वाळू अपुरी असते. पण नेहमीच्या दिवशी तोही बिनतक्रार चालतो. खरा आणि खोटा यांतला फरक दोष उद्भवेल त्या एकाच क्षणी कळतो आणि तेव्हा समोर माणूस उभा असू शकतो.

लोहार चाळीतील एका पेढीवर हा फरक एकदा व्यवहारात उभा राहिला. कुटुंब मूळचे सांगलीकडचे. दोन पिढ्यांपासून विजेच्या सामानात. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रातील कामे घेणाऱ्या एका जुन्या ग्राहकाने ग्लँड आणि फ्यूज मागवले. ग्लँड गोदामात होत्या. फ्यूज कारखान्यातून यायला तीन आठवडे लागणार होते आणि जहाज तिसऱ्या दिवशी सुटणार होते. पेठेतील एका मध्यस्थाने त्याच नावाचे फ्यूज कमी भावात देऊ केले. खोके, छाप, चाचणीचे प्रमाणपत्र, सारे जागच्या जागी.

“अण्णा, कागद पूर्ण आहेत. उद्या काही झाले तरी आपल्यावर बोट येणार नाही,” धाकटा मुलगा म्हणाला.

अण्णांनी प्रमाणपत्रावरचा बॅच क्रमांक उत्पादकाच्या कार्यालयाला कळवून विचारणा केली. तो क्रमांक त्यांचा नव्हता. माल परत गेला. ग्राहकाला सांगितले, ग्लँड आज मिळतील, फ्यूज तीन आठवड्यांनी. ग्राहकाने सगळीच मागणी रद्द केली.

मुलाचा प्रश्न रास्त होता. “हाच माल त्यांना दुसरा कोणी तरी देणारच. मग आपण नाही म्हटल्याने कोणाचे काय वाचले?”

अण्णांनी उत्तर देण्याऐवजी पत्र लिहायला बसवले. त्या बॅच क्रमांकाचे फ्यूज उत्पादकाचे नाहीत, एवढेच त्यात होते. एक प्रत उत्पादकाला, एक त्या ग्राहकाला. या पत्राने पेढीला काही मिळणार नव्हते. ग्राहक परतलाही नाही.

मुलाने कागदांवर ठेवलेला विश्वास व्यापाराच्या रीतीला धरूनच होता. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँका कागद पाहतात, माल पाहत नाहीत. यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे पाचवे कलम तेच सांगते. बँकेपुरते ते योग्यच आहे. कागद आणि माल एकमेकांशी प्रामाणिक आहेत ना, हे पाहण्याचे काम विकणाऱ्याचे उरते. ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

आपल्या परंपरेने या कामाला फार पूर्वीच नाव दिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे, खोटी वजनमापे वापरणे यांच्याच पंक्तीत ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो. म्हणजे अस्सलासारखी दिसणारी हलकी वस्तू अस्सल म्हणून देणे. तिजोरी फोडणाऱ्याबरोबर नकली माल विकणाऱ्यालाही आचार्यांनी चौर्याच्या कक्षेत घेतले. फ्यूजच्या बाबतीत हा दोष अचौर्यावरच थांबत नाही. तो अहिंसेलाही जाऊन भिडतो.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते. कर्माचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी होतो. दुसऱ्याने काय विकले, यावर आपला ताबा नाही. आपण विकले नाही, विकवले नाही. आणि जाणूनबुजून गप्प राहिलो असतो तर ते अनुमोदन ठरले असते. त्या पत्राचे कारण हेच.

त्यानंतर पेढीत एक वही सुरू झाली. आलेल्या प्रत्येक मालाचा बॅच क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, उत्पादकाकडे केलेल्या पडताळणीची तारीख आणि माल कोणाला दिला त्याची नोंद. ती लिहिण्याचे काम धाकट्या मुलाकडे आहे. नव्या ग्राहकाला घाई असली तरी नोंद पुरी झाल्याशिवाय खोके दुकानाबाहेर जात नाही. काही ग्राहक कंटाळून शेजारच्या दुकानात जातात. मुलगा त्यांना अडवत नाही आणि वहीतला रकानाही रिकामा सोडत नाही.