कोपऱ्यातील लादी

वारा म्हटला की आपल्या मनश्चक्षूंपुढे ढकलणाऱ्या कुणा बलिष्ठाची मूर्ती उभी राहते. होडीचे शीड फुगते ते वाऱ्याने ढकलल्यामुळे, दार आपटते तेही त्यानेच ढकलल्यामुळे, असा आपला बालपणापासूनचा समज असतो. या समजाच्या आधारे विचार केला, तर गच्चीवर आडव्या अंथरलेल्या सिमेंटच्या लाद्यांना वाऱ्याचे भय ते काय असणार? वाऱ्याने ढकलावे असे त्यांनी अंगच उभे केलेले नसते. वारा त्यांच्या माथ्यावरून निघून जाईल, फार तर चार पाचोळे उडवील, असेच कोणालाही वाटेल.

आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर अशाच सुट्या लाद्या अंथरलेल्या आहेत. पाणी अडवणारा डांबरी थर खाली स्लॅबवर असतो. त्यावर बोटभर उंचीचे टेकू आणि टेकूंवर लाद्या. पावसाचे पाणी फटींतून खाली उतरते आणि पन्हळीकडे निघून जाते. कोठे गळती लागली तर लादी उचलून पाहता येते. सोय मोठी नामी. मुले संध्याकाळी तेथे अभ्यासाला बसतात आणि उन्हाळ्यात आज्या कोकमाची साले वाळत घालतात.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. ठिकठिकाणी झाडे कोसळली, विजेचे खांब आडवे झाले. वारा ओसरल्यावर आम्ही गच्चीवर गेलो, तो मधल्या साऱ्या लाद्या जशाच्या तशा शांत पडून होत्या. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या दोन लाद्यांनी मात्र जागा सोडली होती. एक टेकूंवरून निसटून शेजारणीवर कलली होती. दुसरी दोन हात दूर, अगदी कठड्याला टेकली होती. आणि कठडा गुडघाभर उंचीचा! त्याच्या खाली ती अरुंद गल्ली, जिच्यातून आमचे विद्यार्थी रोज शाळेला जातात. त्या दिवसांत महामारीमुळे शाळा बंद होत्या आणि गल्ली ओस होती, एवढेच काय ते समाधान.

पण कोपऱ्यातल्याच लाद्या का? मधल्या का नाहीत? त्यांचे वजन सारखे, त्यांना बसवणारे हातही एकच.

इमारतीतील मंडळींची बैठक भरली. एका काकांचे म्हणणे पडले, की लाद्या हलक्या आहेत, त्यांवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवाव्यात. एका काकूंना वाटले, की साऱ्या फटी सिमेंटने बुजवून टाकाव्यात, म्हणजे वारा खाली शिरणारच नाही. डागडुजीसाठी बोलावलेले वृद्ध मेस्त हे सारे निमूटपणे ऐकत होते. मग ते आमच्याकडे वळून आमच्या कोंकणीत एवढेच म्हणाले, “मास्तर, वारें लोटिना, वोडटा.” वारा लोटत नाही, ओढतो!

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. या वाक्याचा अर्थ आम्हांला उलगडून दाखवला तो आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी. ते म्हणाले, मांडवीच्या पुलाचा खांब डोळ्यांपुढे आणा. खांबाला अडलेले पाणी त्याला वळसा घालते, पण कडेशी त्याचा प्रवाह सुटतो आणि मागे भोवरे फिरू लागतात. भोवऱ्याच्या मध्याशी पाण्याला खळगा पडतो आणि वाहत आलेले पान त्यात ओढले जाते. वाऱ्याचेही तद्वतच. भिंतीवर आदळलेला वारा वर चढतो. गच्चीच्या काठाशी त्याला एकाएकी वळता येत नाही, म्हणून तो पृष्ठभाग सोडून उसळतो आणि काठामागे भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्याच्या पोटात हवेचा दाब उतरलेला असतो. वारा कोपऱ्यावर तिरका आला, तर त्या कोपऱ्यापासून दोन्ही काठांलगत दोन लांबट भोवरे निघतात आणि तेथेच ओढ सर्वांत तीव्र असते. लादीखालच्या पोकळीतील हवेचा दाब अधिक, वरचा कमी. मग लादी उचलली गेली तर नवल ते काय?

ही ओढ केवढी असते, याचा हिशोब विद्यार्थ्यांनाही करता येईल. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणावे, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. उत्तर येते सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९३ किलो वजनाइतके. गच्चीच्या कोपऱ्यावरील ओढ याच्या दुप्पटही होऊ शकते, म्हणजे १८६ किलो. आता लादीकडे वळू. काँक्रीटची ५ सेंटिमीटर जाडीची लादी दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो भरते, आणि आमच्या लाद्या तर त्याच्या निम्म्या जाडीच्या. केवळ वजनावर विसंबणाऱ्याला हे आकडे स्वस्थ झोपू देणार नाहीत. शिवाय वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो.

मग अशा लाद्या प्रत्येक वादळात का उडून जात नाहीत? त्याचे श्रेय त्या फटींना आहे, ज्या काकू बुजवायला निघाल्या होत्या! वरचा दाब उतरला, की खालची हवा फटींतून वर येते आणि दोन्ही बाजूंचे दाब बरेचसे समान होतात. फटी बुजवल्या, की ही वाट बंद झाली. लाद्यांखालची पोकळी जितकी उथळ आणि फटी जितक्या मोकळ्या, तितकी ही समता लवकर साधते. कोपऱ्यात मात्र दाब हातभर अंतरावर बदलत असतो. तेथे नुसत्या फटी पुऱ्या पडत नाहीत.

आमच्या आजोळच्या घरावर मंगळुरी कौले आहेत. १८६५ साली बाझेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला अशा कौलांचा कारखाना काढला आणि पुढे साऱ्या किनाऱ्यावर ती पसरली. एक कौल दोन-तीन किलोंचे, मूल सहज उचलील असे. तरीही अशी छपरे पिढ्यान्पिढ्या पावसाळे काढत आली. त्यांच्या सांध्यांतून हवा खेळते, प्रत्येक कौलाची खाच शेजारच्या कौलात अडकते आणि आढ्यावरची कौले चुन्यात पक्की बसवतात. श्वास घ्यायला वाट, शेजाऱ्याचा हात आणि कडेला अधिक बंदोबस्त, या तीन गोष्टी जुन्या कारागिरांना ठाऊक होत्या. मेस्तांचे ते वाक्य त्याच शहाणपणातून आलेले होते.

आमच्या गच्चीवरही अखेर हेच झाले. स्लॅबला किती भार सोसेल हे अभियंत्यांकडून तपासून घेऊन कडेला व कोपऱ्यांत जाड लाद्या बसवल्या. त्या गंजरोधक पोलादी पट्ट्यांनी एकमेकींना जोडल्या, मात्र डांबरी थराला एकही छिद्र पाडले नाही. फटी मोकळ्या ठेवल्या. कठडा छातीइतका उंच केला, कारण ठेंगणा कठडा कोपऱ्यातली ओढ कधीकधी वाढवतोही, तर उंच कठडा भोवऱ्याला लाद्यांपासून दूर वर नेतो. वाऱ्याने उडतील अशा कुंड्या खाली उतरवल्या.

खर्चाचा प्रश्न निघाला, तेव्हा तळमजल्यावरील एका कुटुंबाने विचारले, “आम्ही गच्चीवर कधी जात नाही, आम्ही पैसे का द्यावेत?” प्रश्न अगदीच गैर नव्हता. त्याला उत्तर देताना १९८३ सालच्या ह्यूस्टन शहराचे उदाहरण कामी आले. ॲलिशिया नावाच्या वादळात तेथील गच्च्यांवर पसरलेली खडी उडाली आणि शेजारच्या उत्तुंग इमारतींच्या काचांचा चुरा झाला. खडी एकाची, काचा दुसऱ्याच्या! गच्चीवरून सुटलेली वस्तू गच्चीवर बसणाऱ्यांना लागत नाही. ती खालून जाणाऱ्याला लागते. हे ऐकल्यावर त्या कुटुंबातील आजोबांनी क्षणभर गल्लीकडे पाहिले आणि आपला वाटा सर्वांच्या आधी आणून दिला. त्यांची नात आमच्याच शाळेत पाचवीत होती.

विद्यार्थी मित्रांनो, मृगापूर्वी आपल्या घरची मंडळी कौले परततात, पन्हळी साफ करतात. ज्यांच्या घराला गच्ची असेल त्यांनी वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन एकदा वर जावे. मधली लादी पाहण्याची घाई नाही. प्रथम चारही कोपरे पाहा. तेथली लादी पायाखाली डुगडुगते का, फटीत माती दाटली आहे का, काठावर एखादी सुटी वस्तू ठेवलेली आहे का, हे तपासा. आणि मग कठड्यावरून खाली एकदा नजर टाका. तेथून कोण जाते-येते, तेही ठाऊक असलेले बरे.